झॉम्बीचा मालक कोण?
उसाच्या मळ्यापासून मॉलपर्यंत : एका भयपटाचा सामाजिक इतिहास

१९२९ साली विल्यम सीब्रुक या अमेरिकी लेखकाचे ‘द मॅजिक आयलंड’ हे हैतीवरील प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्यातील एका प्रकरणात उसाच्या मळ्यात राबणाऱ्या मृत माणसांची हकिगत आहे. हैतीत त्या काळी ‘हॅस्को’ या नावाने ओळखली जाणारी हैतीयन-अमेरिकन साखर कंपनी होती. एका हंगामात ऊस भरघोस आला आणि मजूर कमी पडू लागले. तेव्हा ती जोसेफ नावाचा मुकादम फाटक्या कपड्यांतील, डोळ्यांत जीव नसलेल्या माणसांची टोळी घेऊन कंपनीच्या दारात आला. ती माणसे बोलत नसत, सांगितलेले काम मात्र खाली मान घालून करीत. त्यांची मजुरी जोसेफ घेई. ही माणसे थडग्यांतून उठवून आणलेली आहेत, असे लोक सांगत. पुढे जोसेफच्या बायकोने दया येऊन त्यांना गोड वड्या खाऊ घातल्या. त्या वड्यांतल्या दाण्यांना मीठ लावलेले होते. मिठाची चव लागताच आपण मेलेलो आहोत हे त्या माणसांना उमगले आणि ती आपापल्या थडग्यांकडे चालू लागली.

‘मुकादम’ आणि ‘टोळी’ हे आपल्या ऊसतोडीतले शब्द येथे मुद्दाम वापरले आहेत, कारण व्यवस्था त्याच जातीची होती. कंपनी मजुराला ओळखत नाही, मुकादमाला ओळखते. सीब्रुकची लेखणी सनसनाटीकडे झुकणारी होती, तेव्हा ही हकिगत घडलेली घटना म्हणून वाचू नये. लोककथा म्हणून मात्र तिचे मोल मोठे आहे. इंग्रजी वाचकाला ‘झॉम्बी’ हा शब्द खऱ्या अर्थाने परिचित झाला तो या पुस्तकामुळे. (झटापट या अर्थाच्या आपल्या ‘झोंबी’शी त्याचा संबंध नाही, त्याचे मूळ मध्य आफ्रिकेतल्या काँगो परिसरातील भाषांत असावे, असे मानतात.) आज हाच शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येतो तो माणसांचे लचके तोडत, पाय ओढत येणारा सडका जमाव. हैतीच्या कथेतला झॉम्बी कोणाला खात नव्हता. तो फक्त राबत होता. राबणाऱ्या मृताचा खाणारा मृत कसा झाला आणि या बदलात त्याचा मालक कुठे गेला, हा या लेखाचा विषय आहे.

साखरेची वसाहत

हैती म्हणजे पूर्वीची सँ-दोमँग ही फ्रेंच वसाहत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जगातली सर्वांत श्रीमंत वसाहत समजली जाई. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर या एका वसाहतीतून जात असे. ही श्रीमंती जवळपास पाच लाख आफ्रिकी गुलामांच्या श्रमांवर उभी होती. उसाची तोडणी, चरकावरचे गाळप आणि काहिलीपुढची रात्रपाळी यांत माणसे इतक्या वेगाने मरत की नव्याने आणलेल्यांपैकी अनेक जण काही वर्षांतच संपत. त्यांच्या जागी माणसांनी भरलेली नवी जहाजे येत. मालकाच्या हिशेबात नवा गुलाम विकत घेणे हे जुन्याला जगवण्यापेक्षा स्वस्त पडे.

मेल्यानंतर आत्मा गिनीला, म्हणजे पूर्वजांच्या आफ्रिकेत परत जातो, अशी या गुलामांची श्रद्धा होती. मृत्यू ही एकच सुटका उरली होती. झॉम्बीची कल्पना या पार्श्वभूमीवर ठेवली म्हणजे तिची धार कळते. मांत्रिकाने देह थडग्यातून उठवला तर ती सुटकाही जाते. मग मेल्यावरदेखील माणूस मालकाचाच राहतो. हैतीतल्या माणसाला झॉम्बी समोर येण्याचे भय फारसे नव्हते. त्याला भय होते आपण झॉम्बी होण्याचे.

१७९१ साली या गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांच्या उठावातून उभे राहिलेले हे एकमेव राष्ट्र. तरीही झॉम्बीची कथा विरली नाही, कारण गुलामी परत येण्याची धास्ती विरली नाही. मिठाचा तपशील त्याच दृष्टीने वाचावा. आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ म्हणतात. तेथे मीठ हे धन्याशी इमान राखण्याचे बंधन आहे. हैतीच्या कथेत मीठ खाल्लेला माणूस जागा होतो आणि धन्याला सोडून निघून जातो.

अमेरिकी ताबा आणि पहिला चित्रपट

१९१५ साली अमेरिकी नौसैनिक हैतीत उतरले आणि १९३४ पर्यंत राहिले. रस्ते बांधण्यासाठी त्यांनी जुन्या कायद्यातली सक्तीच्या श्रमाची तरतूद पुन्हा अमलात आणली. शेतकऱ्यांना धरून, प्रसंगी दोरांनी बांधून कामावर नेले जाऊ लागले. त्याविरुद्ध शार्लमान्य पेराल्त याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. १९१९ साली त्याला ठार मारण्यात आले. सीब्रुकने ऐकलेली हॅस्कोची कथा याच वर्षांतली आहे. मेलेल्यांना कामाला लावणारी कंपनी ‘अमेरिकन’ असावी, हा तपशील त्यामुळे सहज पडलेला वाटत नाही.

त्या पुस्तकाच्या प्रभावातून १९३२ साली व्हिक्टर हाल्पेरिन दिग्दर्शित ‘व्हाइट झॉम्बी’ आला. हा पहिला पूर्ण लांबीचा झॉम्बीपट मानला जातो. बेला लुगोसी याने त्यात साखर कारखान्याचा मालक असलेल्या मांत्रिकाचे काम केले आहे. कारखान्यातले दृश्य आजही अंगावर येते. डोक्यावर टोपल्या घेतलेले मृत मजूर रांगेने येतात, चरक फिरवत राहतात; एक जण तोल जाऊन आत पडतो, तरी चरक थांबत नाही आणि कोणी मान वळवत नाही. आपल्या मजुरांची जादा तासांबद्दल तक्रार नसते, असे मालक पाहुण्याला अभिमानाने सांगतो. हे पाहणाऱ्या अमेरिकेत तेव्हा महामंदी होती आणि चारांमागे जवळजवळ एक कामगार बेकार होता. मजुराची ही अवस्था त्या प्रेक्षकाला फार दूरची वाटली नसावी.

तरीही चित्रपटाचे नाव काय सांगते ते पाहण्यासारखे आहे. त्याचा खरा धक्का काळ्या मजुरांच्या हालांत नव्हता. एक गोरी नववधू झॉम्बी होते, यात होता. भयाची दिशा येथून वळू लागली. ‘आपण तसे होऊ’ हे भय ‘ते आपल्याकडे येतील’ या भयाकडे सरकले. मालक मात्र अजून पडद्यावर हजर होता.

पिट्सबर्गचा जाहिरातवाला

मालकाला पडद्यावरून घालवले ते जॉर्ज रोमेरो याने. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात रोमेरो आणि त्याचे मित्र ‘द लेटंट इमेज’ नावाची छोटी संस्था चालवत आणि साबण, बिअर अशा मालाच्या जाहिराती करत. माणसाला वस्तूची भूक कशी लावायची, हे त्याने उमेदवारीतच पाहिले होते. या मंडळींनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलर खर्चून केलेला ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ ऑक्टोबर १९६८ मध्ये प्रदर्शित झाला.

रिचर्ड मॅथेसन याच्या १९५४ च्या ‘आय ॲम लेजंड’ या कादंबरीचा त्यावर प्रभाव होता आणि तो रोमेरोने मोकळेपणाने मान्य केला. कादंबरीतले रक्तपिपासू त्याने बदलले. त्याचे मृत माणसाचे मांस खातात, आणि ते ज्याला चावतात तोही पुढे त्यांच्यातलाच होतो. चित्रपटात त्यांना कोणी ‘झॉम्बी’ म्हणत नाही; ते नाव प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी मागाहून चिकटवले. हैतीच्या झॉम्बीशी त्यांचे साम्य एवढेच, की देह चालतो आणि इच्छा मेलेली आहे. त्यांना उठवणारा मांत्रिक नाही, राबवणारा मुकादम नाही. अंतराळातून आलेल्या किरणोत्सर्गाचा एक अर्धवट खुलासा दूरदर्शनवर येतो, तेवढाच.

एका शेतघरात सात माणसे अडकतात. बाहेर मृतांचा वेढा आहे आणि आत तळघरात जायचे की वर थांबायचे यावर भांडण. नायक बेन हे काम ड्युएन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केले आहे. रात्रभर झुंजून तो एकटा वाचतो आणि सकाळी मृतांना टिपत आलेली गोऱ्यांची बंदूकधारी टोळी त्यालाही मृत समजून दुरून गोळी घालते. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली होती. जोन्सची निवड त्याच्या चाचणीवरून झाली, वर्णावरून नाही, असे रोमेरो सांगत असे. ते खरे धरले तरी १९६८ च्या प्रेक्षकाने ते शेवटचे दृश्य कोणत्या बातम्यांच्या शेजारी ठेवून पाहिले असेल, हे सांगायला नको. कलाकृतीचा अर्थ निर्मात्याच्या हेतूत संपत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मॉल : पोलाद गेले, दुकाने उरली

दहा वर्षांनी रोमेरोने ‘डॉन ऑफ द डेड’ केला. तो समजून घ्यायचा तर आधी दोन तारखा लक्षात घ्याव्यात.

पहिली १९५६. मिनेसोटातील एडिना येथे त्या वर्षी ‘साउथडेल’ हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचा वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. १९३८ साली नाझींपासून पळून अमेरिकेत आलेला. उपनगरांत विखुरलेल्या माणसांना व्हिएन्नासारखा चौक मिळावा, मॉलभोवती घरे, शाळा, दवाखाने असावेत, असे त्याचे स्वप्न होते. प्रत्यक्षात सभोवती उभी राहिली ती वाहनतळांची वाळवंटे. आयुष्याच्या अखेरीस ग्रुएनने या अपत्यांचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. ठरावीक वस्तू घ्यायला आलेले गिऱ्हाईक मॉलमध्ये शिरताच हेतू विसरते आणि नुसते भटकू लागते, त्या क्षणाला मात्र आजही ‘ग्रुएन ट्रान्स्फर’ म्हणतात. हेतू विसरून भटकणारा देह! झॉम्बीची व्याख्या याहून वेगळी ती काय?

दुसरी तारीख १९ सप्टेंबर १९७७. त्या दिवशी पिट्सबर्गच्या वायव्येला असलेल्या यंग्जटाउन शहरात पोलादाचा एक मोठा कारखाना बंद होणार, अशी घोषणा झाली आणि सुमारे पाच हजार कामगारांची नोकरी धोक्यात आली. तो ‘काळा सोमवार’ त्या पट्ट्याच्या पडझडीची सुरुवात म्हणून ओळखला जातो. ही पडझड रोमेरोच्या ओळखीची होती. आधीचा ‘मार्टिन’ त्याने ब्रॅडक या शेजारच्या, उतरणीला लागलेल्या पोलादगावात चित्रित केला होता. काळ्या सोमवारनंतर साधारण दोन महिन्यांनी त्याचा चमू पिट्सबर्गच्या पूर्वेकडील मनरोव्हिल मॉलमध्ये रात्रीचे चित्रीकरण करू लागला. हा मॉल १९६९ साली उघडलेला. मालकांपैकी एकाशी ओळख असल्याने रोमेरोने तो आधी आतून पाहिला होता. वरच्या मजल्यावर नागरी संरक्षणाचा शिधा साठवलेल्या दडलेल्या खोल्या होत्या. आणीबाणीत येथे माणसे तगून राहू शकतील, या विचारातून कथानक सुचले. दिवसा गिऱ्हाइके, रात्री मृत. नाताळच्या सजावटीपुरते काम थांबले.

चित्रपटात जग कोसळत असताना चौघे जण हेलिकॉप्टरने या मॉलच्या छतावर उतरतात. खाली मृतांची वर्दळ आहे. हे येथे का येतात, असा प्रश्न पडतो. ही जागा त्यांच्या आयुष्यात महत्त्वाची होती, ती कसलीशी आठवण असावी, असे उत्तर मिळते. परिचारिकेच्या वेशातली बाई, जोगीण, हरे कृष्ण पंथाचा साधक, खेळाडू असे सारे जण सरकत्या जिन्यावर चढतात आणि घसरतात, काचांना हात लावतात. पार्श्वभूमीला दुकानातले गुळगुळीत संगीत. माणसे मेली, सवय मेली नाही.

येथे हैतीच्या कथेची बाजू पूर्ण पालटली. तेथे मृताला जागे करणारी चव होती. येथे चवच त्याला झोपेत चालवते. तेथे मालाचे उत्पादन करणारा देह होता, येथे मालाचा उपभोग घेणारा. पोलादाच्या भट्ट्या थंडावत असलेल्या प्रदेशात हे घडावे, यात एक कठोर तर्क आहे. समाजाला माणसाचे हात नकोसे झाले की त्याच्याकडे देण्यासारखे पोटच उरते.

तगणे म्हणजे काय?

मॉलच्या या रूपकाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक लेखन मृतांपाशी थांबते. चित्रपटाचा मोठा भाग जिवंतांवर आहे. चौघे मालमोटारी आडव्या लावून प्रवेशद्वारे बंद करतात, आतल्या मृतांना संपवतात, आणि सारा मॉल त्यांचा होतो. पुढे काय? ते भारी कपडे घालतात, दागिने निवडतात, बँकेतल्या नोटा उचलतात. दडलेल्या खोल्यांत सोफा, दूरदर्शन संच मांडून संसार थाटतात. गरोदर असलेल्या फ्रॅनला स्टीफन अंगठी देतो. ती नाकारते, आता त्याला खरेपणा उरला नाही म्हणून. हळूहळू दूरदर्शनवरची माणसे दिसेनाशी होतात. सगळे मिळाले आहे आणि करण्यासारखे काही नाही.

अमेरिकेत तगण्याच्या कल्पनेला स्वतंत्र इतिहास आहे. १९६१ साली अणुयुद्धाच्या भीतीने घरोघरी भूमिगत आसरे बांधण्याची चर्चा जोरात होती. शेजारी दार ठोठावू लागला तर उघडावे, की बंदूक रोखावी, यावर धर्मोपदेशकांपासून वृत्तपत्रांपर्यंत वाद झडला. रोमेरोचे दोन्ही चित्रपट त्या वादाचा पुढचा अंक आहेत. मोटारसायकलवाल्या लुटारूंची टोळी मॉल फोडते, तेव्हा चौघांपैकी उरलेले लपून राहिले असते तर कदाचित वाचले असते. तिकडे लुटारूंना मालच हवा होता. पण स्टीफनला तो माल आपला वाटतो. आपण जिंकून घेतला, म्हणून आपला. तो गोळी झाडतो, त्यातून चकमक पेटते आणि अखेर मृतांच्या तावडीत सापडतो. मेल्यानंतर उरल्यासुरल्या आठवणीने तोच मृतांना दडलेल्या जिन्यापर्यंत घेऊन येतो. पीटर आणि फ्रॅन अपुऱ्या इंधनाचे हेलिकॉप्टर घेऊन निघतात, हातांत मॉलमधले काहीही नसताना. तगून राहणे म्हणजे साठा राखणे, ही समजूत चित्रपट मोडून काढतो.

तरीही एक आक्षेप नोंदवला पाहिजे. मॉलमधल्या झॉम्बीवर हसणे सोपे आहे आणि ते हसू बहुतेकदा दुसऱ्यावर असते: खरेदीच्या गर्दीतल्या ‘त्या’ लोकांवर. हैतीच्या कथेत दोष कोणाचा हे स्पष्ट होते. मांत्रिक होता, मुकादम होता, कंपनीचे नाव होते. मॉलच्या कथेत दोष गर्दीच्या भुकेवर येतो आणि ती भूक लावणारा दिसेनासा होतो. उपभोगवादावरच्या पुष्कळ टीकेचे हेच होते. ती गिऱ्हाइकाला धारेवर धरते आणि दुकानाच्या मालकाला विसरते. रोमेरोला याची जाणीव असावी, असे मानायला जागा आहे. चित्रपटाच्या आरंभीच गरीब वस्तीतल्या एका इमारतीवर पोलिसांचा छापा आहे. तेथल्या काळ्या आणि पोर्तो रिकी रहिवाशांनी आपले मृत सरकारच्या हवाली केलेले नाहीत, तळघरात जपले आहेत. ती माणसे काही खरेदी करत नाहीत. झॉम्बीला अजूनही आप्त समजणारे तेवढेच.

मालक परत येतो

पुढच्या काळात हा हरवलेला मालक पडद्यावर परतला. २००५ च्या ‘लँड ऑफ द डेड’मध्ये रोमेरोनेच त्याला आणले. तटबंदीच्या शहरात श्रीमंतांसाठी एक उंच, चकचकीत मनोरा आहे, पायथ्याशी गरिबांची वस्ती, आणि मनोऱ्याचा धनी ठरवतो कोण आत राहील. मृतांचा म्होरक्या पेट्रोल पंपावरचा काळा कामगार आहे, मेल्यावरही अंगात गणवेश असलेला. अखेरीस तो पंपाच्या नळीनेच मालकाच्या गाडीत पेट्रोल सोडतो. राबणारा मृत आपल्या धन्यापर्यंत पोहोचायला ‘व्हाइट झॉम्बी’पासून ७३ वर्षे लागली.

२०१६ चा कोरियन ‘ट्रेन टू बुसान’ त्याच वाटेने जातो. नायक गुंतवणूक कंपनीतला अधिकारी आहे, आणि साथ जेथून पसरली त्या उद्योगाला त्याच्याच व्यवहारांनी तारले होते. सुरक्षित डब्यातले प्रवासी मागून जीव वाचवून आलेल्यांना दार उघडत नाहीत. २०१४ साली ‘सेवोल’ जहाज बुडून ३०४ जण मरण पावले. त्यांतले बहुतेक शाळकरी विद्यार्थी. त्यांना जागेवर थांबायला सांगून कप्तान निसटला होता. कोरियन प्रेक्षकांना हा चित्रपट पाहताना ते जहाज आठवल्यावाचून राहिले नाही.

आपल्याकडे २०१३ च्या ‘गो गोवा गॉन’ने हा प्रकार गोव्याच्या पार्टी-पर्यटनात आणला, तेथे साथीचे मूळ एक विकत घेतलेली नशा आहे. २०२२ साली आदित्य सरपोतदार यांनी ‘झोंबिवली’ मराठीत केला. डोंबिवलीतले टोलेजंग संकुल, कुंपणापलीकडची वस्ती आणि मध्ये पाण्याचा प्रश्न. विनोदी बाजाचा हा चित्रपट हैतीच्या मूळ प्रश्नाला नकळत जवळ जातो: रोग कोणी केला, आणि दार कोणासाठी बंद झाले?

मनरोव्हिल मॉलही आता उतरणीला लागला. २०२५ च्या सुरुवातीला तो वॉलमार्टने पुनर्विकासासाठी विकत घेतला. अमेरिकेत ओस पडलेल्या मॉलना ‘मृत मॉल’ म्हणतात. खरेदी मेलेली नाही. ती फोनच्या पडद्यावर आली. सरकत्या जिन्यावरचे गिऱ्हाईक घरी बसले आणि त्याच्या वतीने चालणारा देह आता गोदामात आहे. त्याच्या हातातले यंत्र पुढची वस्तू कोणत्या फळीवर ते सांगते आणि किती सेकंदांत उचलली तेही मोजते. झॉम्बीची कथा फिरून राबणाऱ्या देहापाशी येऊन थांबली आहे.

म्हणून या चित्रपटांकडे केवळ रक्तपाताचा खेळ किंवा चंगळवादावरची थट्टा म्हणून पाहणे अपुरे ठरते. दर वेळी विचारावे की या कथेत मृतांना कामाला कोणी लावले आहे. ज्या कथेत त्याचे उत्तर मिळत नाही, तेथे आपण गर्दीला भिऊन घरी येतो. ज्या कथेत ते मिळते, तेथे हैतीच्या त्या जुन्या कथेतल्यासारखी थोडी तरी मिठाची चव जिभेवर राहते.